आमच्या अंगणातला मांडवांचा सण

रावेर,
गुरुवार, १६ ऑक्टोबर

आदरणीय अक्का,

तुम्हाला सलाम, रुपचंदभाऊंना सलाम, आणि ज्या पंच कमिटीचे भाऊ सेक्रेटरी आहेत तिच्यातल्या सातही जणांना मोजून सात सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊंची साखर खाली आली का? (त्यांनी मिटिंगमधली बिस्किटं बंद केली असं ऐकलं. सगळ्यांची केली की फक्त स्वतःची, ते कळलं नाही.) इकडे आईंना ऐकू कमी येतं, पण जे त्यांनी ऐकू नये ते नेमकं येतं. हेमांगी बरी आहे, म्हणजे जेवते आणि बोलत नाही. तुमचे बंधू तर उत्तमच आहेत. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे चालणाऱ्या माणसाला काय होणार आहे? जे व्हायचं ते त्याच्या घरच्यांना होतं.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर काही पाठवलं की ते पुढे सरकतं, हे आम्ही ह्या महिन्यात शिकलो. कागद पुढे सरकवायचा तर माणसाला उठावं लागतं. म्हणून हे पत्र आणि सोबतचा डबा धुळ्याच्या गाडीवरच्या मगन कंडक्टरच्या हाती देते आहे. तुमचे बंधू डेपोत कंट्रोलर असताना मगनला त्यांनी फार छळलं होतं, पण तो बिचारा अजून आमची कामं करतो. असा ख्रिस्ती स्वभाव एका हिंदू कंडक्टरमध्ये पाहिला की मला आपल्या कमिटीची आठवण येते.

तर कमिटीचं पत्र मिळालं. रावेरच्या घरात मूर्तिपूजा झाल्याचं निदर्शनास आलं आहे, आणि समाधानकारक लेखी खुलासा येईपर्यंत हेमांगीची आणि आकाशची नावं मंडळीत पुकारता येणार नाहीत, असं त्यात आहे. खाली भाऊंची सही, वर मंडळीचा शिक्का. अक्का, तुम्हाला मी काय सांगावं, लग्नाआधी नावं तीन रविवार पुकारावी लागतात. लग्न आठ नोव्हेंबरला. मधे रविवार किती उरलेत ते बोटांवर मोजा, तीनच बोटं लागतात, आणि त्यातलं पहिलं बोट येत्या रविवारचं आहे. आकाशची रजा पंधरा तारखेला संपते. मग तो कुवेतच्या त्याच्या दवाखान्यात परत जाईल तो दोन वर्षं येत नाही. त्याच्या आईचा काल फोन आला होता. फार गोड बोलल्या. इतक्या गोड त्या आजवर कधीच बोलल्या नव्हत्या, म्हणून मला रात्रभर झोप नाही.

खुलासा तुमच्या बंधूंनी लिहायला हवा हे मला मान्य आहे. चार वेळा बसले. पण ते लिहायला बसले की अब्राहामापासून सुरुवात करतात. चौथ्या वेळी अकरा पानं झाली तेव्हा इस्राएल लोक अजून मिसर देशातच होते, रावेरला पोचायला डिसेंबर लागला असता. शेवटी मीच पेन हातात घेतलं. जे घडलं ते सरळ लिहिते, जिथे वाकडं वाटेल तिथे ते घडलंच वाकडं असं समजावं.

निवृत्त झाल्यावर पुरुषाने काय करावं हा प्रश्न डेपोतल्या बाकीच्यांनी सोडवला. कोणी केळी लावली, कोणी सुनेच्या कामात लक्ष घातलं. तुमच्या बंधूंना फोनमध्ये ब्रदर भूपेंद्र सापडले. हे ब्रदर खांद्यावर पट्ट्यापट्ट्यांची शाल घेऊन बसतात आणि सांगतात की आपली झाडं वाढली पण मुळं विसरली. येशू यहुदी होता, त्याने यहुद्यांचे सण पाळले, मग आपण कोण मोठे लागून गेलो? (हे ऐकायला चुकीचं नाही. मीसुद्धा भाकरी थापता थापता मान हलवली होती. ती माझी पहिली चूक.) आठ दिवसांत आमच्याकडेही शाल आली. म्हणजे माझी निळ्या पट्ट्यांची चादर फाडली गेली आणि तिच्या चारही कोपऱ्यांना हेमांगीने ब्लाउजच्या लटकनाचे गोंडे लावून दिले. शनिवारी काम बंद झालं. गल्लीत सगळ्यांना वाटलं की नवलकाकांनी मारुतीचा शनिवार धरला. शेजारच्या लताबाई श्रद्धेने रुईच्या पानांची माळ घेऊन आल्या. तुमच्या बंधूंनी त्यांना तासभर शब्बाथ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना विचारलं, मग तेल नेऊन घालू का मी तुमच्या नावाने?

हे सगळं चालण्यासारखं होतं. न चालण्यासारखं एप्रिलपासून सुरू झालं, यहुद्यांच्या वल्हांडणाच्या सणाला. तुम्हाला ठाऊक आहे, एप्रिल म्हणजे आमच्या गल्लीचा कुरडयांचा महिना. गहू तीन दिवस भिजवले होते, वाटून, गाळून चीक बसवला होता, दोन मोठी पातेली भरून, माझा आणि लताबाईंचा मिळून. सकाळी सात बायका खाटा आणि जुन्या साड्या घेऊन येणार होत्या. आता भिजवलेल्या गव्हाला तिसऱ्या दिवशी आंबूस वास येणारच, आला नाही तर कुरडई फुलणार कशी? पण त्याच दिवशी ब्रदर भूपेंद्रांनी सांगितलं की वल्हांडणाच्या आधी घरातलं सगळं खमीर, म्हणजे आंबलेलं जे असेल ते, शोधून बाहेर काढा. तुमच्या बंधूंनी हातात बॅटरी घेऊन घर शोधलं. मी अंघोळीहून आले तर दोन्ही पातेली पालथी, चीक मोरीतून नालीत गेलेला, आणि हे हात झटकत उभे. म्हणाले, घर शुद्ध झालं. अक्का, लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना त्यांच्या नावाने हाक मारली, आणि ती गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेली. (तुम्ही मे महिन्यात फोन करून विचारलं होतं, यंदा कुरडयांचा डबा का नाही आला. मी म्हटलं होतं, ऊन नव्हतं. रावेरला एप्रिलमध्ये ऊन नव्हतं हे तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल उशिरा का होईना आभार.) एवढं करून संध्याकाळी बेखमीर भाकर हवी म्हणून बसले. मी ताटात ज्वारीची भाकरी वाढली. त्यांनी बराच वेळ भाकरीकडे पाहिलं. हिच्यात खमीर कधीच नव्हतं, आपण जन्मापासून सणच पाळतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, पण त्यांनी फक्त दुसरी भाकरी मागितली.

पुढचे सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदम आले. ही एक गंमत तुम्हाला सांगायला हवी. यहुदी लोकही चंद्र पाहून महिना धरतात आणि आपली गल्लीही. त्यामुळे ह्यांचा प्रत्येक पवित्र दिवस गल्लीतल्या सणाच्या मांडीवर येऊन बसतो. कर्णा फुंकण्याचा दिवस आला तो घटस्थापनेला. ह्यांनी धनगराकडून एडक्याचं शिंग आणलं होतं. सहा दिवस फुंकून त्यातून फक्त थुंकी निघाली, सातव्या दिवशी असा आवाज निघाला की केळीचा ट्रक मागे घेत असलेल्या ड्रायव्हरने ब्रेक मारला. देवीच्या मंडळाची पोरं खूश होऊन आली आणि रोज आरतीला याल का म्हणून विचारून गेली. प्रायश्चित्ताचा दिवस आला तो बरोब्बर दसऱ्याला. कडक उपास. काकांना उपास आहे हे कळल्यावर लताबाईंनी आपल्या घरची जिलबी बाजूला ठेवून साबुदाण्याची खिचडी पाठवली, भगर पाठवली, शेंगदाण्याची आमटी पाठवली. ह्यांच्यापुढे धर्मसंकट उभं राहिलं. ब्रदर भूपेंद्रांना मेसेज केला. तासाभराने उत्तर आलं की नियमशास्त्रात साबुदाण्याला स्पष्ट मनाई आढळत नाही. मग दोन ताटं खिचडी खाऊन दुपारी पडल्या पडल्या पापांची क्षमा मागितली. आमच्याकडून तर त्यांनी काही मागितलं नाही. चीक सांडल्याचं पापही त्या यादीत होतं की नाही, ते मला आजवर समजलेलं नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. प्रायश्चित्तानंतर पाचव्या दिवशी मांडवांचा सण. देवाचे लोक रानात झोपड्यांत राहिले होते, त्याची आठवण म्हणून अंगणात मांडव घालून सात दिवस त्यात बसायचं. वर पालापाचोळ्याचं छप्पर, तेही विरळ, म्हणजे आतून आभाळ दिसलं पाहिजे. ब्रदर भूपेंद्रांच्या मांडवाला खजुराच्या झावळ्या होत्या. रावेरात खजूर कुठून आणायचा? इथे बांधावर काय पडलेलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. तुमचे बंधू चार केळीचे खांब घेऊन आले, चार कोपऱ्यांना उभे केले, वर ज्वारीचे धांडे आडवे टाकले आणि कडेने कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या. अक्का, तुम्ही खान्देशातच जन्मलात. अंगणात चार केळीचे खांब उभे राहिले की बघणाऱ्याला काय वाटतं? दुपारपर्यंत तीन बायका सत्यनारायण कधी आहे ते विचारून गेल्या, दोघींनी हेमांगीचं लग्न अलीकडे आणलं का म्हणून विचारलं, आणि एकीने तर ओटीचं सामान आणून माझ्या हातात ठेवलं. तुमचे बंधू प्रत्येकीला सांगत होते, हा इस्राएलचा मांडव आहे. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की काकांकडे परदेशातून पाहुणे येताहेत.

आणि ती संध्याकाळ कोजागिरीची होती. महिनाभर गल्लीतल्या मुलींची भुलाबाई (कमिटीसाठी सांगते, ही पार्वती, मुली रोज तिच्यापुढे गाणी म्हणतात) लताबाईंच्या ओट्यावर बसली होती. त्या ओट्याची नेमकी आदल्या दिवशी फरशी उखडली. कोजागिरीला तिला ज्वारीच्या धांड्यांखाली बसवतात. लताबाईंची लेक भूमिका, बारा वर्षांची, मातीची भुलाबाई पोटाशी धरून अंगणात आली, वर धांडे पाहिले आणि कोणाला काही न विचारता भुलाबाई मांडवात नेऊन ठेवली. विचारणार कशाला? त्या संध्याकाळी धांड्यांचा मांडव दुसऱ्या कोणासाठी असतो? मागोमाग सतरा मुली, प्रत्येकीच्या हातात झाकलेला डबा. आत तुमचे बंधू शाल पांघरून शिंग मांडीवर घेऊन बसलेले. ते ताडकन उठले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ओट्यावरून आई बोलल्या, "हाई ते भुलाबाईनं घर शे. बसू द्या तिले."

आईंना इतकं मोठ्याने बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ह्यांनी शास्त्र उघडलं. मी म्हटलं, उघडलंच आहे तर ह्या सणाला कोणाकोणाला घेऊन आनंद करायचा ते मोठ्याने वाचा. वाचलं. त्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दाराशी आलेला परका आहे, पोरकं लेकरू आहे, आणि विधवा आहे. 'विधवा'पाशी ते थांबले. आई काठी टेकत टेकत पायऱ्या उतरून मांडवात पोचल्यासुद्धा होत्या. मुलींच्या मधे बसल्या. टाळ्या वाजवायला लागल्या, मग गायला लागल्या. एकामागून एक. मुलींना येत नव्हती ती गाणीसुद्धा. अठराव्या वर्षी लग्न झालं, बाप्तिस्मा झाला, त्यानंतर पासष्ट वर्षं ती गाणी त्यांनी तोंडातून काढली नव्हती, आणि त्यातला एक शब्द विसरल्या नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "माले बठ्ठं याद शे." नंतर खिरापतीचा खेळ झाला. मुली डबा कानाशी हलवतात आणि आत काय ते बाकीच्यांनी ओळखायचं. ज्या आईंना मंडळीतला लाउडस्पीकर ऐकू येत नाही, त्यांनी सतरापैकी चौदा डबे आवाजावरून ओळखले. फुटाणे आणि गूळ वेगवेगळे सांगितले.

वर्षभर मी ह्या माणसावर चिडलेली होते. त्या संध्याकाळी नाही चिडले. शिंग खाली ठेवून ते आईंसमोर जाऊन बसले आणि शालीने डोळे पुसले (गोंडा डोळ्यात गेला तो भाग वेगळा). मुळं शोधायला इतक्या लांब निघालेला माणूस स्वतःच्या आईच्या मांडवात येऊन पोचला होता, आणि ते त्यालाही कळलं होतं. हेमांगीने ह्यांच्याच फोनवर फोटो काढला. ह्यांनी तो कौतुकाने एका ठिकाणी पाठवला. खाली लिहिलं, आई किती दिवसांनी हसली बघ.

तीन दिवसांनी तोच फोटो धुळ्याच्या मंडळीच्या ग्रुपवर आला. वर प्रश्न होता की रावेरात हे काय चाललंय. फोटोत डाव्या कडेला भुलाबाई, समोर शाल पांघरलेले तुमचे बंधू मान खाली घालून बसलेले. बघणाऱ्याला मूर्तिपूजाच वाटेल, मला वाटली असती. त्यावर नव्वद जणांनी हात जोडले, चौघांनी रडके चेहरे टाकले, आणि एकाने चुकून वाढदिवसाचा केक पाठवला. मग कमिटी बसली.

आता मी जरा स्पष्ट लिहिते, मोठ्यांनी मनावर घेऊ नये. आपल्याच मंडळीत लग्नाला तीन दिवस हळद लागते, तिला आपण संस्कृती म्हणतो. मंडळीच्या नव्या हॉलच्या दारात नारळ फुटला तेव्हा कमिटीचे सातही जण उभे होते आणि खोबरं सातही जणांनी खाल्लं. आणि मुळांचं म्हणाल तर त्यासाठी कोणा ब्रदरची शाल लागत नाही. हेमांगीसाठी स्थळं पाहायला सुरुवात केली तेव्हा आपल्याच मंडळीतल्या किती घरांनी पहिला प्रश्न विचारला, 'तुम्ही मूळचे कोण?' मुलगी लग्नाची झाली की मंडळी एका दुपारी मुळं खणून अंगणात मांडते. आकाशच्या घरच्यांनी तेवढं विचारलं नाही. म्हणून हे लग्न मोडायला नको अक्का. मला भीती वाटते. हेमांगीने शालू घडी करून पुन्हा पेटीत ठेवला, आणि मी पाहिलं तर म्हणाली, धूळ लागू नये म्हणून.

तुमच्या बंधूंनी माफी लिहून द्यायला नकार दिला आहे. चुकलं असेल तर माझं चुकलं असं लिहीन म्हणतात, पण आईने मूर्तिपूजा केली असं लिहिणार नाही. शब्बाथ, कर्णा, साबुदाणा, सगळ्यात मी त्यांच्या विरुद्ध होते. ह्यात नाही. मांडव सात दिवसांनी काढला, खांब गाईंनी खाल्ले. ब्रदर भूपेंद्रांचं दर्शनही कमी झालं आहे, मात्र डिसेंबरमध्ये दिव्यांचा एक सण येतो म्हणून दिवाळीच्या पणत्या फेकू नको असं मला बजावलं आहे.

मोठ्यांना सलाम, धाकट्यांच्या डोक्यावरून हात. कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर ते ज्याच्या मनाला लागेल त्याचंच समजावं.

तुमची वहिनी,
प्रमिला

ता. क. हे पत्र खुलासा म्हणून भाऊंना दाखवायला माझी हरकत नाही. फक्त माझ्या सहीच्या खाली कागद फाडून मग दाखवा. नावं येत्या रविवारी पुकारली जावीत एवढीच विनंती आहे. सेक्रेटरीने सकाळी पाळकांच्या हातात चिठ्ठी दिली की झालं, आणि सेक्रेटरीला सकाळचा चहा कोण देतं ते मला माहीत आहे.

ता. क. दुसरा. ग्रुपवरचा फोटो डावीकडून कापलेला आहे. हेमांगीने काढला त्यात डावीकडे आई आहेत, भुलाबाईच्या अगदी शेजारी, टाळ्या वाजवताना, तोंड उघडं. म्हणजे ज्याने कापला त्याने आई पाहिल्या, ओळखल्या, आणि मग कापल्या. ह्यांनी तो फोटो एकाच नंबरावर पाठवला होता, मी फोन उघडून खात्री केली आहे. त्यांना अजून वाटतं की फोटो आपोआप कुठूनतरी फुटला. बहिणीवर फार विश्वास आहे त्यांचा. मी काही बोललेले नाही. अख्खा फोटो माझ्याजवळ आहे. रविवारी दोन नावं ऐकू आली तर तो हेमांगीच्या लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर लावणार आहे. ऐकू आली नाहीत तर कमिटीने मागितलेल्या खुलाशाला जोडीन. सेक्रेटरींच्या सासूबाई फार छान आल्या आहेत त्यात.

ता. क. तिसरा, आणि हा आईंचा. त्या सांगतात की नरडाण्याजवळ तुमच्या मामांच्या गावी सुट्टीत गेलात की भुलाबाईपुढे सगळ्यांत पुढे तुम्हीच असायचात, आणि एकही डबा तुम्ही हरला नाहीत. मला हे माहीत नव्हतं. सोबतचा डबा त्यांनी स्वतःच्या हाताने भरून बांधला आहे. त्यात काय आहे ते मलाही सांगितलं नाही. म्हणाल्या, "दिपाले सांग, उघडानं नही. पहिले हालाईसन वळख."